माशीवाले काका

माशीवाल्या काकांनी जन्मात मासा खाल्ला नव्हता, पण मासा कसा धरावा यावर ते तासभर बोलत. चांगी बिझनेस पार्कातल्या एका बँकेत नोकरी, आणि संध्याकाळी सेंगकांगच्या आमच्याच ब्लॉकमध्ये, जेवणाच्या टेबलावर बसून गळाला पिसं गुंडाळून नकली माश्या बांधणं. काकूंना एकदा पोह्यांत पीस सापडलं, तेव्हा काकांनी ते कोंबडीच्या मानेचं की पाठीचं, एवढंच सांगितलं.

ही विद्या त्यांना ऑफिसातल्या एका जपानी साहेबांनी दिली. एरवी माशीची पिसं गळाच्या टोकाकडे झुकलेली असतात. यांची उलटी, दोरीकडे. त्यामुळे ओढलं की ती मिटतात, सैल सोडलं की उघडतात आणि पाण्यात किडा जिवंत वाटतो. पुढे एक इटालियन सहकारी म्हणाला, आमच्या डोंगरातले म्हातारेही अशीच बांधतात. काका हरखलेच. "एकमेकांचं तोंड न पाहिलेली माणसं, पण बांधणी तीच," हे ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवत. माझ्या मुलीने विचारलं, "काका, but got catch fish or not?" काकांनी तिच्या अभ्यासाची चौकशी केली.

कारण मासा लागतच नव्हता. दर रविवारी सकाळी आम्ही जलाशयावर, गळ टाकायची परवानगी असलेल्या काठावर जायचो. शेजारी एक चिनी आजोबा प्लास्टिकचं आमिष फेकून मासे ओढत असायचे. काका म्हणत, ही माशी डोंगरातल्या झऱ्याची, साचलेल्या पाण्यात तिचा अपमान होतो. तो अपमान करायला मात्र ते दर रविवारी वेळेवर हजर असत.

एका रविवारी लागला. वीतभरच होता. त्यांनी हळूच गळ सोडवला, माशाला "माफ करा हं" म्हणाले आणि त्याला पाण्यात सोडलं. आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना एलआरटीच्या छोट्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बँकेने आमचा विभाग बंद केला. इथला नोकरीचा पास रद्द होतोय. महिनाअखेर आम्ही पुण्याला चाललो."

काकूंनी मला हे आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं. तरी मी विचारलं, इतके दिवस बोलला का नाहीत.

"नुसतं तेवढंच कसं सांगायचं? म्हटलं, आधी एक मासा लागू दे."

"आणि लागला नसता तर?"

काका म्हणाले, "तर हिने सांगितलं असतं. तिला माशावाचूनही सांगता येतं."