मिटल्या तोंडाची हाक
कॉलेजात सरांनी देवमाशाचा आवाज ऐकवला. तो तोंड मिटून, हवा बाहेर न सोडता आतल्या आत फिरवून आवाज काढतो, असं ते म्हणाले, आणि मला धरणगावची आमची विहीर आठवली. “तू कालेजले जास का?” म्हणत चुलतभावाने माझी मान धरून डोकं पाण्यात दाबलं होतं. तोंड उघडलं असतं तर मेलो असतो, म्हणून मी मिटल्या तोंडाने घसा फाटेपर्यंत ओरडलो. काठावरची पोरं हसतच राहिली. पाण्याच्या मोटारीची जाळी साफ करायला तळाशी गेलेल्या त्याच्या वडिलांना, नानांना, मात्र पाण्यातून ते ऐकू आलं. वर येऊन त्यांनी त्याला ओठ फाटेपर्यंत मारलं. तो वण अजून आहे. भेटलो की तो मोकळं हसतो, आणि मी, नको वाटत असूनही, आधी तिकडेच बघतो.