आतून कडी

कुणाच्याही घरी गेल्या की आक्का आधी वर बघायच्या. माणसाकडं नाही, छताकडं. मग उंबऱ्यावर टेकायच्या, एक पाय आत आणि एक पाय बाहेर. "आत या की," म्हटलं की म्हणायच्या, "हितंच बरं हाय मला." चहाही तिथंच घ्यायच्या आणि भांडणही तिथूनच करायच्या.

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, ज्याची बसायची जागा ठरलेली असते आणि का ते कुणी विचारत नाही. आमच्याकडं आक्का होत्या. माझी आई कुरकुरायची, "आक्का, उंबऱ्यावर बसू नये हो. लक्ष्मी आत येत न्हाई."

"मी उठल्यावर येईल की. मी काय पदर धरून बसवलंय का तिला?"

लक्ष्मी तशीही आमच्याकडं येत नव्हती. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर माझे आईबाप पत्र्याच्या शेडमध्ये राहिले आणि मी त्याच शेडमध्ये जन्मले. उन्हाळ्यात पत्रा इतका तापायचा की आई मला ओल्या लुगड्यात गुंडाळून लिंबाखाली ठेवायची आणि खडी फोडायला जायची. बाप लोकाच्या शेतात सालगडी. पुढं नव्या गावात घर मिळालं, दोन खोल्या आणि वर स्लॅब. त्या घरातून मी लातूरला गेले आणि बी.ए. झाले. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारता सांगते, आणि सांगणार. आता ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर काम करते. गावाला कसलाही कागद लागला की माझ्याकडं येतात. आक्का मला नावानं हाक मारत नसत. म्हणायच्या, "ए ग्रॅज्वेट."

आमचं नवं गाव पट्टीनं आखल्यासारखं आहे. सरळ ओळी, सारखी घरं. पण पहिली कितीतरी वर्षं लोकांनी त्या स्लॅबखाली कडबा आणि सोयाबीनची पोती ठेवली आणि स्वतः समोर पत्रे टाकून झोपले. हळूहळू एकेक घर आत गेलं. आक्का गेल्या नाहीत. थंडी असो, पाऊस असो, त्यांची बाज अंगणातल्या पत्र्याखालीच. घरात मात्र त्यांची जनावरं मजेत राहायची. एक म्हातारा कुत्रा, त्याचं नाव हवालदार. एक गुबगुबीत मांजर, तिचं नाव चंपी. दार दिवसरात्र सताड उघडं. लोक चेष्टा करायचे, "आक्का, सरकारनं घर कुत्र्याच्या नावावर केलंय का?"

"जनावराला आधी कळतंय," आक्का म्हणायच्या. "ते पळतेत. माणूसच खुळ्यावानी झोपून राहतंय."

रोज सकाळी त्या दुधात कुस्करलेली भाकरी घेऊन जुन्या गावाकडं जायच्या. तिथं आता वेडी बाभूळ आणि दगडांचे ढीग आहेत. एकदा मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर गेले. ढिगांमधून चालताना त्या मधेच वळायच्या, मधेच थांबायच्या. मला वाटलं, काटे चुकवतात. मग म्हणाल्या, "हितं वाकून ये. सुताराची चौकट लई खाली हाय."

तिथं चौकट नव्हती. भिंतही नव्हती. उघड्या माळावर त्या वाकल्या, दोन पावलं गेल्या आणि ताठ झाल्या. मीही वाकले. का वाकले ते मला आजही सांगता येत नाही. पुढं एका ढिगापाशी त्यांनी तोंड फिरवलं आणि भराभर चालायला लागल्या. ते कुणाचं घर, असं मी विचारलं नाही.

त्यांची वाट बघत एका जोत्यावर राखाडी मांजर बसलेली असायची. एक कान फाटलेला. पाटलाच्या पडक्या वाड्यातली म्हणून तिचं नाव पाटलीण. भाकरी ठेवून आक्का दहा पावलं मागं सरकल्याशिवाय ती उतरायची नाही. आक्कांना त्याचा राग नव्हता. "घराणं हाय तिचं. अशी कशी कुणाच्या हातचं खाईल?"

मग दोन वर्षांमागच्या उन्हाळ्यात जुन्या गावातले दगड उचलायला जेसीबी आला. आठवड्याभरात अर्धं गाव सपाट झालं. पाटलीण उरलेल्या ढिगात दडून बसली. आक्का दोन दिवस उपाशी असल्यासारख्या फिरल्या. तिसऱ्या दिवशी कोंबड्या झाकायचं डालं, दोरी आणि दुधाची वाटी घेऊन गेल्या आणि दुपारी हातावर लाल ओरखडे घेऊन परतल्या. पोत्यात गुंडाळलेलं डालं डोक्यावर, आतून गुरगुर.

"आणली पाटलीण," त्या आईला म्हणाल्या. "आता ऱ्हाईल माझ्या घरात. अजून एकदा न्हाई मरू देनार कुणाला दगडाखाली."

डालं त्यांनी समोरच्या खोलीत, हवालदार आणि चंपीच्या देखत उघडलं. पुढचं एक मिनिट काय झालं ते कुणालाच नीट दिसलं नाही. पातेली खाली आली, चंपी माझ्या बापाच्या खांद्यावर चढली, हवालदाराच्या नाकातून रक्त आणि पाटलीण उघड्या दारातून थेट जुन्या गावात.

डाल्याचा उद्योग पुन्हा करावा लागला. या वेळी आक्का डालं अंगणात ठेवून माझ्याकडं आल्या. "ए ग्रॅज्वेट, तुझ्या मोबाईलात बघ की. जंगली मांजर पाळीवात कसं मिसळायचं?"

मी वाचून दाखवलं. आधी तिला वेगळ्या खोलीत ठेवायचं. एका फडक्यानं कुत्र्याचं अंग पुसायचं, ते तिच्याजवळ टाकायचं. तिच्याजवळचं फडकं यांच्यापाशी. वासाची ओळख झाली की दाराच्या दोन्ही बाजूंनी जेवण द्यायचं. मग फटीतून तोंडओळख, मग भेट.

आक्का हसल्या. "सोयरीक म्हन की. त्येच्यात बी आधी आहेरच जातेत इकडून तिकडं."

"पण दार बंद पाहिजे, आक्का. आठ-दहा दिवस तरी."

"उघडं ठिवून न्हाई जमत?"

"मागच्या वेळी जमलं का?"

त्या उठून डाल्याकडं गेल्या. मला वाटलं, पटलं. मांजर आतल्या खोलीत सोडलं. आक्का फडकं शोधायला अंगणात गेल्या. मी विचार केला, या काही दार लावायच्या नाहीत, आपणच काम करून टाकू. मी दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली. नवी कडी होती, खणकन वाजली.

आक्का फडकं घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा बघून माझा हात कडीवरच राहिला. त्या ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "काड." मग पुन्हा, अगदी हळू, लहान पोराला सांगावं तसं, "काड, बाय. आत हाय ती."

मी काढेपर्यंत त्या खाली बसल्या होत्या. त्यांना श्वास घेता येत नव्हता. मी पाणी आणलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं.

संध्याकाळी आईनं मला सांगितलं. एवढी वर्षं शेजारी राहून, एवढी शिकून, मला माहीत नव्हतं.

भूकंपाच्या त्या रात्री गणपती बुडवून सगळे थकून झोपले होते. आक्कांची गाय व्यायला झाली होती, म्हणून त्या गोठ्यात झोपायला गेल्या. घरात सासू आणि पाच वर्षांची लेक. एक मांजर रोज दुधावर यायचं. ते शिरू नये म्हणून आक्कांनी जाताना बाहेरून कडी घातली. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हादरली आणि मातीचं जड माळवद दोघींवर बसलं. नवरा सोलापूरला कामाला होता. तो आला, बघून गेला आणि पुढं तिकडंच त्यानं दुसरा संसार मांडला.

"कडी नसती तरी काय झालं असतं?" आई म्हणाली. "एवढ्या वेळात कोन उठलं होतं? उघड्या दाराची मानसं बी गेलीच की. सगळ्यांनी सांगून बघितलं तिला. ती म्हनती, हात तर माझाच होता."

मी दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेले. पाठ केलेलं वाक्य होतं, चांगलं पुस्तकी. आक्कांनी ते पुरं होऊ दिलं नाही. "तुला काय ठावं? बरं, त्या मोबाईलात असं कुठं लिवलंय का, की कडी भायेरूनच पायजे?"

"नाही."

"मग आतून घालते."

मला आधी कळलंच नाही. त्यांनी पाण्याची कळशी उचलली, दुरडीत चार भाकरी टाकल्या आणि आतल्या खोलीच्या दारापाशी गेल्या. तिथं थांबल्या. वर बघितलं, खूप वेळ. मग आत गेल्या. दार लागलं. कडी त्यांच्या हातानं, आतून, आवाज न करता बसली.

पहिल्या दिवशी तासभर बसल्या. बाहेर आल्या तेव्हा पदर घामानं ओला होता. आई म्हणाली, "सोड ना आक्का, मांजरच हाय." त्यांनी ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी दोन तास. मग सकाळ ते दुपार. मी कामावर जाताना खिडकीतून विचारायची, "काय चाललंय?" आतून उत्तर यायचं, "काय न्हाई. ती पलंगाखाली, मी पलंगावर. दोघी एकमेकीला भेत बसलाव." फडक्यांचा आहेर सुरू झाला. हवालदार फडकं हुंगून शिंकला. चंपीनं त्यावर अंथरूण केलं.

सहाव्या की सातव्या दिवशी, रविवार होता, मी अंगणात धुणं वाळत घालत होते. जमिनीतून तो आवाज आला. आमच्या भागात तो मधूनमधून येतो. लांबून ट्रक भरधाव यावा, पण ट्रक पायाखालून. भांडी वाजली, पत्रे थरथरले. सगळी ओळ क्षणात रस्त्यावर. कुणाच्या हातात पोर, कुणाच्या हातात नुसतं लाटणं. मी आक्कांच्या घराकडं पळाले. हवालदार समोरच्या खोलीत पाय ताणून घोरत होता. त्याला काहीच कळलं नव्हतं.

मी आतल्या दारावर थापा मारल्या. "आक्का, भायेर या. हादरा बसला."

"कळलं मला."

"मग या की. कडी काढा."

"पाटलीण पलंगाखाली हाय."

"आक्का, मांजराचं राहू द्या, तुम्ही या."

मग आवाज आला, दाराला अगदी चिकटून, आणि तो आवाज नुसता माझ्याशी बोलत नव्हता. "अशी कशी येऊ तिला टाकून? ती आली की येते. तू जा, तुझी आई घाबरली आसंल. मी बसते हिच्यापशी."

मी गेले नाही. दाराबाहेर बसून राहिले. रस्त्यावरून आई हाका मारत होती. आतून आक्का बोलत होत्या, हलक्या आवाजात, एकसारखं. शब्द नीट ऐकू येत नव्हते. मधेच ऐकू आलं, "मी हाय गं. हितंच हाय." हे मांजराशी होतं असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

दुसरा हादरा आला नाही. तासाभरानं कडी निघाली. आक्का जमिनीवर बसलेल्या. पाटलीण पलंगाखालून अर्धी बाहेर, पुढचे दोन पाय आक्कांच्या लुगड्यावर, त्यांच्या हातातली भाकरी खात होती.

"आवाज करू नको," आक्का म्हणाल्या. "जेवून राहिलीय."

त्यानंतर फार काही सांगण्यासारखं नाही. फटीतून तोंडओळख झाली. पाटलिणीनं हवालदाराला दोन थपडा दिल्या, त्या त्यानं म्हाताऱ्या माणसासारख्या सोसल्या. चंपी महिनाभर रुसली आणि मग थंडी पडल्यावर तिघं एका गोधडीवर दिसायला लागले. आक्कांची बाज अंगणातून आत आली. माझ्या बापानं आणि मी उचलली. दारातून तिरकी करून घालताना आक्का मागून हुकूम सोडत होत्या. बाज आतल्या खोलीत ठेवून आम्ही बाहेर आलो. सात वाजता त्यांचं दार लागलं. गल्लीतली सगळी माणसं आपापल्या दारात उभी राहून ते बघत होती.

जेसीबीनं उरलेलं जुनं गावही नेलं. तिथं आता हरभरा पेरतात. मी एकदा त्या बाजूनं गेले, तर एका सपाट जागी माझी मान आपोआप खाली गेली.

मागच्या माघात एका सकाळी आक्कांचं दार उघडलं नाही. आतून हवालदार भुंकत होता. हाका मारून झाल्या. शेवटी बापानं आणि शेजारच्या दोघांनी खांदा लावून आधी बाहेरचं आणि मग आतलं दार तोडलं. आक्का बाजेवर कुशीला वळलेल्या होत्या, हात गालाखाली. झोपेतच गेल्या होत्या. पाटलीण पोटाशी वेटोळं करून बसलेली, तिनं आमच्याकडं बघितलं आणि जागची हलली नाही. तिला उचलायला कुणाचा हात होईना. आईनं तिला पदरात घेतलं.

आता तिघंही आमच्या घरात आहेत.

डॉक्टरनं विचारलं, काही आजार होता का, आणि मी नाही म्हटलं. त्याला सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं. तुम्हाला सांगते. भूकंपानंतर जवळजवळ तीस वर्षं आक्का पक्क्या छताखाली झोपल्या नव्हत्या. शेवटी त्या स्वतःच्या घरात, स्लॅबखाली, दार लावून, दीड वर्ष रोज झोपल्या.