पाण्याचे वय सांगणारे भिरूड सर

डॉ. मुरलीधर भिरूड सरांना मी प्रथम पाहिले ते सावद्याच्या एका केळीच्या बागेत. देवपूरच्या महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवायला लागून मला वर्षही झाले नव्हते. जळगावहून आलेले सर बोअरच्या पाण्याचे नमुने घेत होते. मळ्यातल्या अक्कांनी बाटली भरून दिली, पण पाणी हिंदकळू नये म्हणून वर थोडी जागा ठेवली. आत हवा राहिली की नमुना बिघडतो. सरांनी ते पाणी चक्क पिऊन टाकले, "अक्का, गोड आहे हो," म्हणाले आणि बाटली पुन्हा काठोकाठ भरून स्वतः बूच लावले.

सरांचे काम थोडक्यात सांगतो. पाऊस मुरताना मातीतला किरणोत्सारी कार्बन बरोबर नेतो. खोल गेल्यावर त्यात भर पडत नाही, असलेला हळूहळू घटतो. उरला किती, यावरून पाणी कधी मुरले ते कळते. पूर्वी त्यासाठी पिंपेच्या पिंपे पाणी लागे. आता ॲक्सिलरेटर या यंत्रावर उरलेले अणूच मोजता येतात, म्हणून एक बाटली पुरते. सर मात्र यंत्रावर कधी भाळले नाहीत. जमिनीतल्या चुनखडीतला जुना कार्बन मिसळला की पाणी आहे त्याहून म्हातारे दिसते. तेवढे वजा केल्याशिवाय ते आकडा तोंडातून काढत नसत. आम्ही घाई केली की म्हणत, "पाणी एवढं थांबलंय, तुम्हीही थांबा."

कसोटीची वेळ घरातच आली. सर मूळचे सावद्याकडच्याच एका खेड्यातले. त्यांच्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे आबांनी, आणखी खोल बोअर घ्यायचे ठरवले होते आणि त्यांच्यामागे निम्मे गाव तयार होते. ते बोअर ज्या थरात जाणार होते, त्याच थराच्या पाण्याचे वय आले: चुनखडीची सूट देऊनही काही हजार वर्षे. म्हणजे उपसले ते गेलेच, आपल्या हयातीत पाऊस ते भरून देणार नव्हता. आबांनी सरांना ओसरीवर गाठले. मी तिथेच होतो.

"तूच म्हन्तो ना, चुनखडीनं वय चुकते? मंग सांग ना लोकाईले, नक्की नाही म्हनून. मायी बाग हाये ती."

"आबा, वय थोडं इकडंतिकडं होईन. पन पानी नवं हाये, असं मी नाही सांगनार."

दुसऱ्या दिवशी सरांनी ग्रामसभेत सगळे सांगितले, भावाचे नाव न घेता. खोल बोअर पिण्यापुरतीच ठेवायची, असे ठरले. आबांना बागेचा मोठा तुकडा मोडावा लागला आणि ते सरांशी बोलेनासे झाले. सर तरीही दर दिवाळीला गावी जात, ओसरीवर बसत, वहिनींच्या हातचा चहा घेऊन परतत. मला ते बघवत नसे. आबांचा रागच यायचा.

सरांच्या पंच्याहत्तरीचे निमंत्रण घेऊन गेल्या महिन्यात मी आबांकडे गेलो. त्यांनी पत्रिका दोनदा वाचली.

"येतो मी," शेवटी म्हणाले. "पन मले स्टेजवर बोलता नाही येनार. मुरली खरं बोल्ला होता. मले तेव्हाच समजलं होतं. तू लिहू राह्यला ना त्याच्यावर? मंग हे लिही."

सर, आबांचे शब्द न बदलता लिहिले आहेत. तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आबांनाही तेवढेच लाभो, म्हणजे दोघांचे राहिलेले सगळे बोलायला वेळ पुरेल.