रक्तानं सांगितलेलं दुखणं

आमच्या घरात बायकांना काही दुखत नाही. निदान थोरल्या माणसांच्या देखत तरी दुखत नाही. आजी गेली, काकू गेली. दोघींनीही शेवटपर्यंत तोंडातून ब्र काढला नाही आणि घरादारानं त्याचं कौतुकच केलं. त्या कौतुकाचा मला फार पूर्वीच वीट आला होता. पण वीट येऊन करता काय, मीही त्याच घरातली.

गेल्या वर्षी आईच्या पित्ताच्या नळीत खडा अडकला. आधी कितीतरी दिवस ती पोट दाबून भाकऱ्या थापत असणार. आम्हाला कळलं ते तिचे डोळे पिवळे झाले तेव्हा, कारण डोळे काही पदराआड झाकता येत नाहीत. मी बीडला राहते, शाळेत शिकवते. आई नेकनूरकडच्या आमच्या खेड्यात, वडील गेल्यापासून थोरल्या काकांच्या घरात. काकांना सगळं गाव आबा म्हणतं, आम्हीही तेच म्हणतो. आबांनीच जीप काढली, तिला घेऊन आले आणि दवाखान्यात तिच्याजवळ ठाण मांडून बसले. माणूस मायाळू आहे, हे मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कुणी त्यांच्यावर डूख धरायला नको.

त्या दवाखान्यात पोटाचे मोठे डॉक्टर आठवड्यातून एक दिवस बाहेरगावाहून येत. गुंगी देऊन तोंडावाटे दुर्बीण आत घालायची आणि पोट न फाडता खडा ओढून काढायचा, असं ते काम. सकाळीच ते उरकलं. खडा निघाला म्हणून सांगून मोठे डॉक्टर पुढच्या गावाला गेले. मागं राहिली एक तरुण डॉक्टरीण. तिचे डोळे माझ्यासारखेच जागरणानं सुजलेले होते, त्यामुळे मला ती लगेच आपली वाटली.

तिनं मला बाजूला घेऊन नीट समजावलं. पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी आतड्यात एकाच बारीक तोंडाशी येऊन उघडतात. तिथं दुर्बिणीची खुडबुड झाली की कधी कधी स्वादुपिंड सुजतं, आणि ती सूज वाढली तर जिवावरही बेतते. सूज येऊ लागली की स्वादुपिंडातला पाचक रस रक्तात उतरतो. म्हणून चार तासांनी रक्त तपासायचं. आकडा साधा आला तर सहसा भीती नसते, संध्याकाळी घरी जाता येतं. फार चढलेला आला आणि पोटही दुखत असलं, तर मुक्काम, सलाईन आणि तोंडानं काही नाही.

"नुसत्या आकड्यावर ठरत नाही," ती म्हणाली. "दुखतंय का, ते त्यांनीच मला सांगायला हवं."

मला हसूच आलं. मी का हसते, असं ती विचारत होती, पण समजावत बसायचं त्राण माझ्यात नव्हतं.

इकडे आबांचा जीव घराकडे लागला होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातीला बघायला माजलगावहून पाहुणे यायचे होते. पुरणाचा स्वयंपाक आईशिवाय कुणाला जमत नाही, असं आमच्या घरात सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलेलं आहे. खडा निघाला म्हणजे बाई मोकळी झाली, असा आबांचा हिशेब. तिला मागच्या सीटवर आडवं करून नेऊ, चुलीजवळ नुसती पाटावर बसून सांगत राहील, असं ते मला पटवत होते. बसून सांगत राहणारी आई मी जन्मात पाहिलेली नव्हती.

दुपारी डॉक्टरीण फेरीला आली. आबा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. पेशंटजवळ घरचं कर्तं माणूस उभं पाहिजे, ही त्यांची रीत, आणि ती ते मनापासून पाळत होते. थोरला दीर आईला सासऱ्याच्या जागी. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्याशी थेट बोललेली नाही. चहा झाला हे कळवायचं तरी कुणातरी पोरामार्फत. खाटेवर पडल्या पडल्या तिनं डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला. डॉक्टरिणीनं विचारलं, पोटात दुखतंय का. पदर हलला. न्हाई. तिनं पोटावर हात दाबून पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मग हातातून रक्त काढून नेलं.

आबा चहा प्यायला खाली गेले तेव्हा मी आईला म्हटलं, खरं काय ते सांग. ती म्हणाली, काही नाही, पोटात वाऱ्याचा जरासा गुबारा धरलाय. वर मलाच विचारायला लागली की जीप किती वेळ थांबेल. तिनं एका हातानं खाटेची लोखंडी दांडी गच्च धरली होती. मी तो हात सोडवून माझ्या हातात घेतला. आईशी वाद घालायला मोठी ताकद लागते.

संध्याकाळी रिपोर्ट आला. डॉक्टरीण तो वाचत वाचतच आत आली आणि म्हणाली, घरी जाता येणार नाही. आकडा कितीतरी पटीनं चढला होता. आबा आवाज न चढवता, पण सरपंचकी केलेल्या माणसाच्या ठामपणानं बोलले.

"ती सोताच म्हणती दुखत न्हाई. मंग कागदाचं कावून ऐकायचं?"

डॉक्टरीण क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग आईच्या पदराकडे. तिला काय उमजलं कोण जाणे, पण तिनं आबांना हात जोडून बाहेर थांबायला सांगितलं. आबांना असं कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. ते गोंधळले आणि माझ्याकडे बघत बाहेर गेले. तिनं दार लोटून घेतलं, खाटेच्या कडेला टेकली आणि आईला तोच प्रश्न पुन्हा विचारला.

आईनं आधी दाराकडे पाहिलं. मग पदर मागं सारला. चेहरा घामानं निथळत होता.

"लई दुखतंय बाई," ती म्हणाली. "पाठीतून आरपार जातंय. शुद्ध आल्यापासनं."

"मग दुपारी का नाही सांगितलंत?"

"थोरल्या दिराम्होरं पोट दुखतंय कसं म्हणावं?"

मला इतका राग आला की रडू फुटलं. तिचा राग, आबांचा, त्या पदराचा, सगळ्यांचा. रक्त काढलं नसतं तर हीच बाई नेकनूरच्या रस्त्याचे खड्डे सोसत घरी गेली असती, रात्रीच पुरण शिजायला टाकलं असतं, आणि मेली असती तर कौतुक होऊन मेली असती.

पुढचे दोन दिवस वाईट गेले. ती कण्हत होती, आणि तिचं कण्हणं ऐकून मला बरं वाटत होतं, इतकी मी शिणले होते. आबा रोज गावाहून येत, बाहेरच्या बाकावर बसत आणि खाकरल्याशिवाय आत पाऊल टाकत नसत. पाहुण्यांचं काय झालं म्हणून मी विचारलं. आले, जेवले, गेले. पुरण कुणीतरी केलं होतं आणि ते बरं झालं होतं.

मग आई सावरली. पेज घेऊ लागली. मी तिची वेणी घालायचे, शाळेच्या वह्या तिथंच तपासायचे. ती पंख्याकडे बघत पडून राहायची आणि बघता बघता डोळा लागायचा. दुपारी झोपलेली आई मी पहिल्यांदाच बघत होते.

पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टरीण हसतच आली. सगळं ठीक होतं, सूज उतरली होती. दारातून आबांनी ऐकलं आणि सकाळी गाडी घेऊन येतो म्हणाले. त्यांना खरंच आनंद झाला होता. आईनं मला जवळ बोलावलं.

"रगात चांगलं आलं का?"

मी हो म्हटलं. तिचा चेहरा उतरला.

"मंग जावं लागंल," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

डॉक्टरिणीनं ते ऐकलं. तिनं या वेळी आबांना काही न सांगताच दार लोटलं आणि खाटेपाशी येऊन विचारलं, पोटात अजून कुठं दुखतंय का. आईनं माझ्याकडे पाहिलं. चोरी पकडल्यासारखं पाहिलं.

"हाय जरासं," ती म्हणाली.

डॉक्टरीण रिपोर्टाकडे बघत उभी राहिली. मग तो घडी करून खिशात घातला आणि म्हणाली, मग राहा अजून दोन दिवस, घाई नाही.

मी बाहेर आले. आबा बाकावरून उठले. मी त्यांना म्हणाले, उद्या गाडी आणू नका, आईला दुखतंय. आमच्या घरात हे वाक्य कुणी मोठ्यानं बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.