नळाखालचं हिरवं गवत

आमच्या ह्यांना गोल्फच्या मैदानावर सगळे ‘जांभळे’ म्हणतात. आडनाव नव्हे, खोड आहे ती. शहराचं सांडपाणी शुद्ध करून आमच्या हिरवळीला देतात, त्या पाण्याचं काम हे बघतात. त्याचा पाइप जांभळाच असला पाहिजे, पिण्याचा निळा, हा ह्यांचा बावीस वर्षांचा हट्ट. रंग जरा उडाला की निघाली स्वारी ब्रश घेऊन! घरातल्या पंख्याचं तुटलेलं बटण दिसत नाही, तिकडचा टवका मात्र मैलावरून दिसतो.

मीही तिथेच तण उपटते. सूनबाई क्लबच्या धुलाईखोलीत असते. सातवा महिना लागलाय तिला.

मोठी स्पर्धा ठरली. मॅनेजरसाहेब म्हणाले, फोटोत ते जांभळे पाइप डोळ्यांत खुपतात, हिरवे करून टाका. हे दोन दिवस भांडले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बरं, पंधराच दिवस." जन्मात एकदा माणूस नमला आणि तेही नको तिथे! माळ्यांना ह्यांनी तोंडी बजावलं. पण शेडमागे कामगारांसाठी पिण्याचा नळ बसवायला बाहेरून प्लंबर आला, त्याला हिरव्या पाइपात काय आहे ते सांगायचं राहून गेलं.

स्पर्धेच्या सकाळी आम्ही दोघं शेडमागून चाललो होतो. हे एकदम थांबले. त्या कोपऱ्यात फवारा पोचत नाही, गवत बारा महिने मरतुकडं. आणि आता नळाखाली ताटाएवढा तुकडा गर्द हिरवा, नुसता माजलेला.

"पिण्याच्या पाण्यावर गवत असं वाढत नाही गं," हे पुटपुटले. "ह्या पाण्यात खत आहे, हिरवळीच्या पाण्यात असतं तसं."

धावत जाऊन त्यांनी पिण्याच्या पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. मी नळ सोडला. पिण्याची लाइन बंद, तरी धो धो पाणी! गवत कापणारे तिघे कालपासून जुलाबानं घरी पडले होते आणि आम्ही त्यांच्या डब्यांना नावं ठेवत होतो. मी पाणी घरून आणते. पण सूनबाई?

मी धुलाईखोलीकडे पळाले. बाटली तिच्या तोंडाला लागणार तोच मी हिसकावली. "अहो आई, काय झालं?" तिचा हात धरून ओढतच बाहेर आणलं.

बाहेर येतो तर साहेब ह्यांना गाठून दबक्या आवाजात सांगत होते, "नळ बंद करा, विषय संपला. दुपारपर्यंत कुठे बोलायचं नाही. नंतर प्लंबरवर ढकलू." हे सरळ घोषणांच्या तंबूत शिरले. मग कर्ण्यातून ह्यांचा आवाज आला.

"शेडमागच्या नळाचं पाणी कोणी पिऊ नका. आठ दिवस त्याला सांडपाण्याची लाइन जोडलेली आहे. जे प्यायलेत त्यांनी डॉक्टरकडे जा. प्लंबरचा दोष नाही. पाइपाचा रंग मी बदलू दिला. माझ्या सुनेला वाकायला लागू नये म्हणून तिची बाटली रोज मीच भरून दिली. त्याच नळावर."

सूनबाई माझ्या शेजारी उभी होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी यंत्र लावलं. ठोके ऐकू येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बाळ ठीक होतं, पण तपासण्या येईपर्यंत दोन दिवस तिला ठेवून घेणार होते. मी बाहेर आले. बाकडं रिकामं असून हे भिंतीशी उभे. ह्यांचा कामाचा पास साहेबांनी क्लबच्या फाटकावरच काढून घेतला होता.

"कुठे मेला होता तुमचा तो हट्ट ऐनवेळी?" मी ओरडलेच.

"बाळ?"

"आहे ठीक. जा आत."

"ती काही म्हणाली?"

"नाही."

हे जागचे हलले नाहीत. आतून सूनबाईची हाक आली, "बाबा, आत या. काय काय असतं त्या पाण्यात, सगळं सांगा मला."

हे गेले. पलंगाशी उभं राहून एकेक सांगत गेले, काही लपवलं नाही. तिनं मान वर केली नाही, पण पुरे असंही म्हणाली नाही.