गाडी वडगावला गेली

आमचे आप्पा जन्मभर वडगावात साड्या विणत राहिले. पुढं हातपाय थकले, माग विकले, मग घरही विकलं, आणि आप्पा, आई आणि मी अशी तिघं पिरनवाडीच्या नव्या वसाहतीत राहायला आलो. वडगावात पत्ता सांगावा लागत नसे. गल्लीच्या तोंडाशी आप्पांचं नाव घेतलं की कुणीतरी पाहुण्याला थेट उंबऱ्यापर्यंत आणून सोडी, आणि आमच्या घरात काय चाललंय तेही वाटेत सांगून टाकी. नव्या वसाहतीत गल्ल्यांना नावं नव्हती, घरांना नंबर नव्हते. कुरियरवाल्याला मी पाण्याच्या टाकीपर्यंत बोलवायची आणि स्वतःच आणायला जायची.

आप्पांनी नवा पत्ता डोक्यात घेतलाच नाही. कुठं राहता, असं कुणी विचारलं की गल्ली, पोस्ट आणि पिन कोडसकट वडगावचा पत्ता ते एका दमात म्हणत. आप्पा नुसते झोपायला पिरनवाडीत येतात, अशी मी चेष्टा करायची. तेही हसायचे.

एका दुपारी मी कामावर असताना आईच्या छातीत कळ आली. आप्पांनी स्वतः अँब्युलन्सला फोन लावला. आमचा भाग सीमेवरचा, पलीकडून कन्नडमध्ये पत्ता विचारला, आप्पांनीही कन्नडमध्येच चोख सांगितला. पण घाबरलेल्या जिवाच्या तोंडून निघाला तो वडगावचा. गाडी जराही चुकली नाही. वेळेवर जाऊन आमच्या जुन्या दारात उभी राहिली. जुन्या शेजाऱ्यांनी मला फोन केला, मी ड्रायव्हरला वाट सांगत राहिले, आणि शहरातली गर्दी कापत गाडी आमच्याकडे पोचली तोवर आई गेली होती. लवकर आणलं असतं तरी खात्री देता आली नसती, असं डॉक्टर म्हणाले. आप्पांच्या कानात ते शिरलंच नाही. त्या दिवसापासून त्यांनी फोनला हात लावला नाही.

पुढं वसाहतीत दोन सरकारी माणसं आली. देशभर आता प्रत्येक घराला स्वतःचा डिजिटल कोड मिळणार, तो सांगितला की टपाल, पोलीस, अँब्युलन्स थेट दारात, असं त्यांनी देवळाच्या मंडपात समजावून सांगितलं. बैल गेला नि झोपा केला, असं माझ्या मनात आलं, पण गोष्ट चांगलीच होती. कुणी म्हणालं, आता घरपट्टीवालेही थेट दारात येतील. कुणाला आपलं घर सगळ्या जगाला दिसणार याची धास्ती. पाटीवर मराठी वर यावी की कन्नड यावरून आमच्याकडे डोकी फुटतात, पण त्यावर त्या दिवशी कुणी अवाक्षर काढलं नाही. कोड इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत होता, त्यामुळे तो सगळ्यांना सारखाच परका होता.

आप्पा मागं बसले होते. ते उठून उभे राहिले तेव्हा मंडपातली कुजबुज थांबली, कारण आमच्याकडचा प्रसंग सगळ्यांना माहीत होता.

"मला मराठी येतंय, कन्नड येतंय. ही अक्षरं येत न्हाईत," ते म्हणाले. "शिकीन की. पण माणूस घाबरल्यावर त्येला ह्ये आठवतंय व्हय?"

दाराजवळ लिहून ठेवा आजोबा, असं त्या दोघांतल्या एकानं समजुतीनं सांगितलं. मी तसंच केलं. दाराशेजारच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत कोड रंगवला. आप्पा रोज सकाळी त्यापुढं उभे राहून एकेक अक्षर माझ्याकडून म्हणवून घेत. महिन्याभरात त्यांना तो तोंडपाठ झाला. आता तरी त्यांचा जीव थाऱ्यावर येईल, असं मला वाटलं.

परवा कामावरून आले तर दाराला कुलूप, आणि त्यांचा फोन आत वाजत होता. मी वसाहतीत शोधलंसुद्धा नाही, रिक्षा करून सरळ वडगावला गेले. जुन्या घराच्या पायरीवर आप्पा बसले होते. नव्या मालकिणीनं त्यांना चहा दिला होता, तो गार झाला होता. घरी चला म्हटलं तर उठेनात. मला त्यांचा थोडा रागही आला. इतकं सगळं शिकवून हे पुन्हा इथंच. मी शेजारी बसून समजावलं, की आप्पा, घाबरल्यावर कुणीही चुकतं, तुमची चूक धरण्यासारखी नाही.

"पत्त्याचं न्हाय गं," ते म्हणाले. "तुझी आई हितनं हलायला तयारच नव्हती. लई रडलती. मीच नेलो तिला."

थोड्या वेळानं त्यांनी रस्त्याकडे हात केला. "गाडी बरोबर हितं आलती."

आई रडली होती हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. मी आप्पांचा हात धरला आणि भर गल्लीत रडले.