चुलीकडे गेलेला बाण

बातमी खालांकडूनच आली. "माधवभाई नै रहे, बेटी..." एवढंच, आणि पुढे नुसतं रडणं. खाला म्हणजे नारायणगुड्यात माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, समोरच्या दारी राहणाऱ्या. त्याच्या घराची दुसरी किल्ली त्यांच्याचकडे असायची.

दादाने जन्मभर कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिले आणि हाताखालच्या पोरांना जन्मभर फैलावर घेतलं. खाला तिथे भाड्याने आल्या तेव्हा गुडघ्यांमुळे घराबाहेर पडणं सुटलेलं. इमारत तिरकी, खोलीतून आभाळ दिसेना. नमाजाला काब्याची दिशा नेमकी कुठली, याने त्यांचा जीव खालीवर. सकाळचं ऊन स्वयंपाकघरातून येतं, म्हणजे काबा साधारण उलट बाजूला, एवढंच ठाऊक. दादाला 'साधारण' कुठलं सोसायला! नकाशावरून आकडे काढले, प्रोग्रॅम लिहिला आणि ऐटीत कोनमापक घेऊन फरशीवर खडूने बाण काढला. तो थेट स्वयंपाकघरात!

"माधवभाई, अब मैं चूल्हे कू सजदा करूँ क्या?" खाला पोट धरून हसल्या. दादाचा चेहरा... अहाहा, बघण्यासारखा झाला होता.

काबा इथून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. पश्चिमेचा आकडा उणे, उत्तरेचा अधिक. भागाकार उणे आला, पण उणे मुळात कुणाचं, ते त्यात हरवलं. भागाकारावरून कोन काढणाऱ्या साध्या आर्कटॅनला निम्मंच वर्तुळ कळतं, त्याने नेमकी उलटी दिशा दिली. दोन्ही आकडे वेगवेगळे मागून घेणारं ॲटॅन-टू प्रोग्रॅमच्या त्याच लायब्ररीत शेजारी होतं. "याच चुकीसाठी मी पोरांना रडवलंय गं," दादा कान पकडत म्हणाला आणि बाण पुसून नेमका उलटा काढला.

भाड्याच्या फरशीला रंग लावायचा नाही आणि खडू पोछ्याने पुसला जायचा. म्हणून दर शुक्रवारी सकाळी दादा जाऊन रेघ पुन्हा काढायचा, चहा पिऊन यायचा. "अल्ला नीयत देखता, भाई," खाला म्हणायच्या. "वो नीयत देखे, मैं डिग्री देखतूँ," हा म्हणायचा. असला हट्टी माणूस!

परवा त्याचं घर आवरायला गेले. किल्ली घ्यायला समोर गेले, तर खालांच्या खोलीत रेघेभोवतीची तेवढीच एक पट्टी मळकी होती. "बाई कू बोली, उतना पोछा नक्को मार." तरी रेघ फिकटलीच होती. ती गेली की दिशा गेली, या धास्तीने त्यांचं सगळं लक्ष तिथेच. मी दादाच्या टेबलावरचा खडू आणला, गुडघे टेकले आणि त्याच्या रेघेवरून हात चालवू लागले.

"बेटी," खाला हळूच म्हणाल्या, "चूल्हे की तरफ तो नै ना?"

मी रेघ पुरी केली आणि तिथेच फरशीवर बसून, तो गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्याने रडले. शुक्रवारी पुन्हा जायचं आहे.